जावळापासून केशरोपणापर्यंत

बालरोगतज्ज्ञाने केशरोपणासारख्या विषयावर लेखणी उचलावी, हे या स्मरणिकेच्या अनेक वाचकांना अप्रस्तुत वाटेल. त्वचारोगतज्ज्ञ आणि प्लास्टिक सर्जन मित्र आपल्यात असताना हा अधिकार माझा नव्हे, हे मलाही मान्य आहे. परंतु पांडेसऱ्यातील दवाखान्यांचा एक स्वभाव आहे. येथे ज्या डॉक्टरने बाळाला पहिली लस टोचली, तो त्या घराचा कायमचा डॉक्टर होतो. बाळ वीस वर्षांचे झाले, त्याला मिशी फुटली, तो डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये कामाला लागला, तरी आई त्याला त्याच खोलीत आणते, जिच्या भिंतीवर हत्ती आणि ससे रंगवलेले आहेत. त्यामुळे बालरोगतज्ज्ञाला बालेतर रोगांचेही थोडेफार ज्ञान बाळगावे लागते.

गेल्या वर्षी वैशाखात अशीच एक माऊली आपल्या तेवीस वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मूळचे कुटुंब धुळे जिल्ह्यातील, आता तिसरी पिढी सुरतेत. मुलाच्या डोक्याला रुमाल, कपाळ फुगलेले आणि दोन्ही डोळे सुजून जवळपास मिटलेले. "साहेब, मना पोरना डोया देखा," एवढेच ती म्हणाली आणि रडू लागली. डोळ्यांभोवती सूज दिसली की बालरोगतज्ज्ञाचे मन आधी मूत्रपिंडाकडे धावते. मी सवयीने लघवी तपासण्याची चिठ्ठी लिहायला घेतली, तेवढ्यात मुलाने रुमाल काढला. पुढच्या भागावर शेकडो बारीक खपल्या आणि मागे टाचणीच्या टोकाएवढे असंख्य ठिपके. तीन दिवसांपूर्वी त्याने केशरोपण करून घेतले होते. घरी सांगितले नव्हते. पैसे मासिक हप्त्यावर उभे केले होते.

त्याला घाबरण्याचे कारण नव्हते. शस्त्रक्रियेच्या वेळी टाळूत भुलीचे औषध आणि सलाईन मोठ्या प्रमाणात टोचले जाते. ते पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते. दुसऱ्या दिवशी कपाळ, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पापण्या आणि आठवड्याच्या आत सूज ओसरते. पाठीला उशा लावून अर्धवट बसून झोपावे, कपाळावर थंड पट्टी ठेवावी (मात्र रोपलेल्या भागाला स्पर्श होऊ देऊ नये), एवढ्याने भागते. हे दोन मिनिटांत सांगण्याजोगे आहे. पण ते त्याला कोणीही सांगितलेले नव्हते. त्याच्या हाती एक टोपी, प्रतिजैविकाची एक पट्टी आणि कोणी न उचलणारा एक दूरध्वनी क्रमांक होता. कोणते औषध किती दिले, किती मुळे काढली, कोणत्या डॉक्टरने काढली, याचा एकही कागद नव्हता. "डॉक्टर होते ना?" असे मी विचारले. तो म्हणाला, "सकाळी एक मॅडम आल्या होत्या, रेषा आखून गेल्या. नंतर मुलेच होती."

हा लेख लिहावासा वाटला तो या शेवटच्या वाक्यामुळे.

मी केशरोपणाच्या विरोधात नाही. योग्य माणसावर, योग्य हातांनी, योग्य वयात केले तर ती प्रामाणिक आणि समाधान देणारी शस्त्रक्रिया आहे. तिचे तत्त्वही मोठे सुंदर आहे. जपानमधील त्वचारोगतज्ज्ञ ओकुदा यांनी १९३९ साली भाजून वा इजेने केस गेलेल्या जागी केसांसह त्वचेचे छोटे गोल तुकडे रोपल्याचे नोंदवले, पण महायुद्धाच्या धामधुमीत ते काम जगाच्या नजरेआड राहिले. पुढे न्यूयॉर्कच्या नॉर्मन ऑरेंट्राइक यांनी १९५०च्या दशकात पुरुषी टकलावर हेच करून पाहिले आणि १९५९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातील केस पुढे लावले तरी ते आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष. मागचे केस आयुष्यभर टिकणारे असतात, म्हणून पुढे आणल्यावरही टिकतात. नव्या जमिनीत गेले तरी बियाणे आपले वाण बदलत नाही, असे आपल्या शेतकरी पूर्वजांच्या भाषेत म्हणता येईल.

या टकलाचे कारण शोधण्यात बालकांचाही वाटा आहे, हे आमच्या शाखेतील तरुण मित्रांनाही क्वचितच ठाऊक असते. १९७४ साली इंपेराटो-मॅकगिन्ली यांनी कॅरिबियन समुद्रातील डॉमिनिकन प्रजासत्ताकातील काही मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही बालके जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना मुलगे होत. त्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर करणारे विकर अपुरे होते. मोठेपणी या पुरुषांना टक्कल पडत नसे आणि त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहानच राहत असे. या निरीक्षणातून फिनास्टराइडच्या संशोधनाला बळ मिळाले. ते आधी प्रोस्टेटसाठी आणि १९९७ साली, एक मिलिग्रॅमच्या मात्रेत, केसांसाठी अमेरिकेत मान्य झाले. मिनॉक्सिडिलचा प्रवास तर आणखी गमतीचा. रक्तदाबाच्या गोळीने रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागले, म्हणून तिचे डोक्याला लावायचे द्रावण करण्यात आले. टक्कल रोखण्याचे पहिले साधन ही औषधे आहेत, केशरोपण नव्हे. केशरोपणाने नवा केस निर्माण होत नाही, असलेला केस एका जागेवरून दुसरीकडे जातो. ही एक गोष्ट जरी प्रत्येक तरुणाला उमगली तरी निम्मी फसवणूक थांबेल.

ही शिल्लक मर्यादित असते. एका मुळातून एक ते चार केस उगवतात. मागच्या पट्ट्यातून आयुष्यभरात साधारणपणे पाच-सहा हजार मुळे सुरक्षितपणे काढता येतात, काहींच्या बाबतीत त्याहूनही कमी. एका बैठकीत दोन ते तीन हजार ही समंजस मर्यादा मानली जाते. कातडीची पट्टी कापून मुळे वेगळी केली तर मागे एक रेघेसारखा व्रण राहतो आणि टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात. आता बहुतेक ठिकाणी एक मिलिमीटरच्या आतबाहेरच्या पंचने एकेक मूळ काढतात. त्यात रेघ नसते, पण "व्रणच राहत नाही" ही जाहिरात खरी नव्हे. ठिपक्यांचे व्रण राहतात, ते केसांत लपतात इतकेच. अधाशीपणे मुळे उपसली तर मागचा भाग कसर लागलेल्या कापडासारखा दिसू लागतो. आमच्या या मुलाच्या डोक्याची मागची बाजू अशीच दिसत होती. "चार हजार" काढल्याचे त्याला अभिमानाने सांगण्यात आले होते.

नैसर्गिक दाटी परत येते, हाही असाच एक गैरसमज. रोपणाने साधारण निम्मी दाटी साधते. डोळ्यांना मात्र निम्मे केस जाईपर्यंत विरळपणा फारसा जाणवत नाही, त्यामुळे कुशल शल्यविशारद त्या निम्म्या दाटीतूनच भरल्या डोक्याचा आभास निर्माण करतो.

बरे होण्याच्या काळातील पहिले दहा दिवस जपण्याचे. मुळे त्वचेत घट्ट रुजायला तेवढा अवधी लागतो. खाजवणे, खपल्या ओढणे, हेल्मेट घालणे, ओझे उचलून घाम गाळणे हे सारे त्या काळात वर्ज्य. आपल्या भागातील मुलांसाठी ही साधी बाब नाही. वाफेने कोंदलेल्या डाइंग खात्यात किंवा तंतूंचा धुरळा उडणाऱ्या लूमच्या कारखान्यात काम करणाऱ्याने चौथ्या दिवशी पाळीवर हजर होऊ नये. हेल्मेट घालता येत नाही म्हणून त्याविना दुचाकी चालवणे हा तर शुद्ध मूर्खपणा, त्यापेक्षा दोन आठवडे रिक्षाने जावे. दोन-तीन दिवसांनी सांगितल्याप्रमाणे हलक्या हाताने डोके धुवावे, खपल्या दहा ते चौदा दिवसांत आपोआप गळतात. मागच्या भागाला काही आठवडे, कधी काही महिनेही, बधिरपणा राहतो. सिगारेट आणि तंबाखू मात्र आधी आणि नंतरही सोडायला हवीत, कारण रोपलेल्या मुळाला जगवणारा रक्तपुरवठाच त्यांनी आटतो. गुटखा खिशात ठेवून केसांवर लाखभर रुपये खर्च करणारे तरुण मी पाहिले आहेत.

त्यानंतरचा प्रसंग सर्वांत जास्त घाबरवणारा. चौथ्या आठवड्यात तो मुलगा पुन्हा आला. या वेळी एकटा. खिशातून कागदाची पुडी काढून त्याने माझ्या टेबलावर ठेवली. आत बारीक बारीक केस होते. "साहेब, सगळे गळाले. पैसे पाण्यात गेले." त्याचे डोळे पुन्हा सुजलेले होते, पण या वेळी कारण वेगळे होते.

बाहेर बाकावर एक आई चार महिन्यांचे बाळ घेऊन बसली होती. मी तिला आत बोलावले आणि त्याला बाळाच्या डोक्याची मागची बाजू दाखवली. तिथले जावळ पुसल्यासारखे गेले होते. दर आठवड्याला दोन-चार आया याच काळजीने माझ्याकडे येतात. कोणी उशीला दोष देते, कोणी तेलाला, कोणी दृष्टीला. खरे तर जन्माच्या सुमारास त्या भागातील केसांची मुळे एकदमच विश्रांतीत जातात, जुना केस झडतो आणि काही महिन्यांनी त्याच मुळातून नवा उगवतो. रोपलेल्या मुळाचेही तसेच होते. उपटले जाणे आणि नव्या जागी बसणे या धक्क्याने ते विश्रांतीत जाते. दोन ते सहा आठवड्यांत केसाची काडी गळते, मूळ आतच राहते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून विरळ, मऊ केस दिसू लागतात, सहाव्या महिन्यापर्यंत निम्मा परिणाम दिसतो, आणि पूर्ण निकालासाठी वर्षभर थांबावे लागते. शेंड्याजवळच्या भागाला दीड वर्षही लागते. मधल्या काळात बारीक पुळ्या येतात, त्याही बहुधा निवळतात. शेजारचे मूळचे केसही काही काळ झडू शकतात. त्या मुलाने बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि प्रथमच किंचित हसला. बाळाची आई मात्र आम्हा दोघांकडे संशयाने पाहत होती.

आता ज्या गोष्टीने माझे मन अस्वस्थ आहे तिच्याकडे वळतो. तेवीस हे या शस्त्रक्रियेचे वयच नव्हे. पंचविशीच्या आत टक्कल कुठपर्यंत जाणार याचा अंदाज बांधता येत नाही. आज कपाळावर खाली आणलेली दाट रेषा चाळिशीत तशीच राहील आणि तिच्यामागचे मूळचे केस मात्र मागे हटत जातील. बेटासारखा एक पुंजका पुढे आणि मागे मैदान, असे ते दृश्य होते. तोवर मागची शिल्लक संपलेली असते. अशा मुलाला सहा महिने ते वर्षभर औषधे द्यावीत आणि थांबायला सांगावे. फिनास्टराइडने थोड्या पुरुषांना कामेच्छेच्या तक्रारी होतात, हे त्याला आधीच स्पष्ट सांगावे आणि मगच ते लिहावे.

आणि मुळात हे टक्कल कोणत्या जातीचे आहे, हे तरी कोण पाहते? टायफॉइड किंवा डेंग्यूनंतर दोन-तीन महिन्यांनी केस झुपक्यांनी गळतात आणि आपोआप परत येतात. २०२० आणि २०२१ साली कोविडनंतर हा अनुभव आपण सर्वांनी घेतला. थायरॉइड, लोहाची कमतरता, डोक्यातील नायटा, चाई या प्रत्येकाची वाट वेगळी. २०२४च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात काही गावांतील लोकांचे केस काही दिवसांतच मुळासकट जाऊ लागले, तेव्हा विंचूदंशावरील संशोधनासाठी जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचे व तेथील रेशनच्या गव्हाचे नमुने तपासून घेतले आणि सेलेनियमच्या अतिरेकाकडे बोट दाखवले. त्या गावकऱ्यांना केशरोपण विकणारा कोणी भेटला असता तर? हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नाही. आपल्या गल्लीत "तपासणी मोफत" असे फलक लावणारे रक्ताचा एक थेंबही न तपासता ग्राफ्टमागे दर सांगतात.

धोका केवळ पैशांचा असता तर मी एवढे लिहिले नसते. २०१६ साली चेन्नईत वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात शिकणारा २२ वर्षांचा विद्यार्थी केशरोपणानंतर दगावला. त्या केंद्राकडे सलूनचा परवाना असल्याचे नंतर उघड झाले. मार्च २०१९ मध्ये मुंबईत ४३ वर्षांच्या एका व्यावसायिकाला एकाच प्रदीर्घ बैठकीत नऊ हजारांवर ग्राफ्ट लावण्यात आले. त्यानंतर चेहऱ्यावर सूज आणि श्वासाचा त्रास होऊन तो गेला. २०२२ साली पाटण्यात लग्न ठरलेला एक पोलीस शिपाई गेला. कानपूरमध्ये एका दंतवैद्याच्या दवाखान्यातील केशरोपणानंतर दोन अभियंत्यांच्या मृत्यूच्या तक्रारी २०२५ साली समोर आल्या. हे सर्व धडधाकट, कमावते पुरुष होते.

भुलीच्या औषधाचा हिशोब आपण डॉक्टर सहज मांडू शकतो. अ‍ॅड्रिनॅलिनसह लिग्नोकेनची कमाल मात्रा किलोमागे सात मिलिग्रॅम, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला दोन टक्क्यांचे जेमतेम पंचवीस मिलिलिटर. बारा-चौदा तास चालणाऱ्या बैठकीत, कपाळ आणि मान दोन्हीकडे पुनःपुन्हा टोचत असताना, हा हिशोब कोण ठेवते? जे "मुलेच होती" ते? अ‍ॅलर्जीचा झटका आला तर मांडीच्या स्नायूत अर्धा मिलिग्रॅम अ‍ॅड्रिनॅलिन तत्काळ द्यायचे असते, आणि तेथे उशीर म्हणजे मृत्यू. लसीकरणाच्या दिवशी तीन महिन्यांच्या बाळासाठीसुद्धा आम्ही अ‍ॅड्रिनॅलिनची कुपी हाताशी ठेवतो.

दिल्ली उच्च न्यायालयाने अशाच एका मृत्यूच्या प्रकरणात २०२२ साली कानउघाडणी केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने स्पष्ट केले, की कार्यशाळा पाहून किंवा यूट्यूब पाहून केशरोपण शिकता येत नाही. त्यासाठी विधिवत शल्यप्रशिक्षण हवे आणि अतिदक्षतेची सोय हाताशी हवी. वस्तू व सेवा कराच्या कायद्यात वैद्यकीय सेवेला माफी आहे, परंतु जन्मजात व्यंग किंवा इजेनंतरची दुरुस्ती वगळता केशरोपण त्या माफीबाहेर ठेवले आहे. शासनाच्या लेखी ती चैन आहे. पण हप्ते भरणाऱ्या त्या मुलाच्या लेखी ती चैन नव्हती.

कारण त्याला तीन ठिकाणांहून नकार आला होता. वधू-वर परिचय मेळाव्याच्या पुस्तिकेत रंगीत छायाचित्र छापले जाते, आणि आम्ही ज्येष्ठ मंडळी व्यासपीठावर बसून "मुलगा छान आहे, पण वय जास्त वाटते" असे एकमेकांच्या कानात सांगतो. हे मी स्वतः केले आहे. पगार, घर, शिक्षण, निर्व्यसनीपणा या सर्वांच्या आधी पाहुण्यांची नजर कपाळावर जाते. मग तो मुलगा फलकाखालच्या जिन्याने वर जातो, आणि आम्ही डॉक्टर मंडळी तो विषय क्षुल्लक म्हणून टाळतो. माझ्याकडे तो शस्त्रक्रियेपूर्वी दोनदा आला होता. एकदा खोकल्यासाठी, एकदा तापासाठी. दुसऱ्या वेळी जाता जाता त्याने "साहेब, केसांसाठी काही..." असे विचारलेही होते. मी हसून म्हणालो होतो, "अरे, अक्कल शाबूत ठेव, केस जाऊ देत." खोलीत गर्दी होती. तो विनोद मला आज टोचतो.

आपल्या संघटनेत दोन त्वचारोगतज्ज्ञ आणि पुष्कळ कुटुंबवैद्य आहेत. नवे सिव्हिल येथून दूर नाही आणि तेथील त्वचारोग विभागात अल्प खर्चात निदान होते. महिन्यातून एका रविवारी आपण पांडेसऱ्यात या मुलांसाठी दोन तास बसलो, तर बाकावर जागा अपुरी पडेल याची मला खात्री आहे. ज्याला करायचेच आहे त्याला एवढे तरी विचारायला शिकवू : चीर कोण देणार आणि मुळे कोण काढणार, त्या व्यक्तीची पदवी कोणती, ती शेवटपर्यंत खोलीत असणार का, प्राणवायू आणि तातडीची औषधे कुठे आहेत, आणि लेखी कागद मिळणार का. यावर उत्तर देताना समोरचा चिडला, तर उठून यावे.

तो मुलगा गेल्या महिन्यात आला होता. दहा महिने झाले आहेत. पुढचे केस बऱ्यापैकी आले आहेत. मागचा कसर लागलेला भाग त्याने केस थोडे वाढवून झाकला आहे. शेंड्याजवळ विरळ होऊ लागले आहे, म्हणून त्याला आपल्या एका त्वचारोगतज्ज्ञ मित्राकडे पाठवले. हप्ते अजून चौदा राहिले आहेत. नंदुरबारकडील एका मुलीशी बोलणी चालू आहेत आणि पहिल्याच भेटीत त्याने तिला केशरोपणाचे सांगून टाकले. ती काय म्हणाली, असे मी विचारले. "तिच्या वडिलांनाही पाहिजे म्हणते, साहेब. तुमच्याकडे पाठवू का?"